तुम्ही मूळचे कुठले?

जून उजाडला की आमच्या महाविद्यालयात दोन गोष्टी हटकून येतात. एक पाऊस आणि दुसरी प्रवेशाची गर्दी. पावसाचे रत्नागिरीकराला काही वाटत नाही; गर्दीचे वाटते, कारण ती छपराखाली येते. या गर्दीच्या तोंडाशी एक टेबल मांडलेले असते आणि त्यामागे कुणातरी प्राध्यापकाला बसवावे लागते. शास्त्र शाखेच्या लोकांना प्रयोगशाळा असतात, वाणिज्यवाल्यांना हिशेब असतात. मराठीच्या बाईंना काय असते? तेव्हा गेली आठ-नऊ वर्षे त्या टेबलामागे मी बसते. दाखले मराठीत असतात, ते वाचणारे माणूस हवेच, असा आमच्या कार्यालयाचा त्यावर युक्तिवाद आहे.

कोकणात एस.टी.त दोन अनोळखी माणसे शेजारी बसली, की हातखंब्याचा तिठा यायच्या आत पहिला प्रश्न पडतो, "तुम्ही मूळचे कुठले?" उत्तर द्यायला कुणाला विचार करावा लागत नाही. चाळीस वर्षे परळच्या चाळीत काढलेला माणूस सहज सांगतो, "आम्ही लांज्याचे." मग वाडी निघते, देवस्थान निघते, आणि उतरेपर्यंत दोघांचे लांबचे का होईना, नाते निघते. लांज्याचे कशावरून, असे त्याला कुणी विचारीत नाही. माझ्या टेबलावरच्या अर्जात हाच प्रश्न आहे. फरक एवढाच, की तिथे उत्तराला पुरावा जोडावा लागतो.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये एक मुलगी ओल्या छत्रीसकट समोर उभी राहिली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश हवा होता. दहावी गोव्याची, बारावी गोव्याची, पहिले वर्षही गोव्यातल्याच एका कॉलेजातले. जन्माचे ठिकाण मडगाव. "मग इकडे कशी ग आलीस?" म्हणून विचारले, तर म्हणाली, "मॅडम, आम्ही इथलेच. दक्षिणेकडचं गाव आहे आमचं. बाबा कामाला गोव्यात होते."

बाबा एकोणीस वर्षे वास्कोजवळच्या एका कारखान्यात यंत्रावर होते. मार्चमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाठोपाठ नोकरी गेली, आणि भाड्याची खोली परवडेना, म्हणून कुटुंब गावी आजीकडे परतले. निदान घर तरी स्वतःचे होते. मुलगी रत्नागिरीत एका नातेवाइकांकडे राहून शिकणार होती. धाकटा भाऊ अकरावीत होता. त्याचे काय करायचे ते अजून ठरत नव्हते. त्याच्याकडे पुढे येईन.

कॉलेज बदलणे ही गोष्ट बाहेरून वाटते तितकी अवघड नाही आणि तितकी सोपीही नाही. विद्यापीठ तेच असेल, तर जुन्या कॉलेजचा दाखला, गुणपत्रिका आणि नव्या कॉलेजात रिकामी जागा एवढ्यावर भागते. विद्यापीठ बदलले की जुन्या विद्यापीठाचे मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, आणावे लागते आणि नव्या विद्यापीठाकडून पात्रता मिळवावी लागते. यात अंतराचा काही संबंध नसतो. मुंबई विद्यापीठाची हद्द आज उत्तरेला डहाणू-तलासरीपासून दक्षिणेला सिंधुदुर्गातल्या बांद्यापर्यंत आहे. रत्नागिरीचा मुलगा चारशेवर किलोमीटर तुडवून डहाणूला गेला, तरी तो घरातल्या घरातच राहतो. तोच आंबा घाट चढून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या कोल्हापुरास गेला, की शिवाजी विद्यापीठाच्या दृष्टीने परका. आणि बांद्याहून पलीकडे गोव्याच्या पेडण्यात गेलेला तर परराज्यातलाच!

या हद्दी काही ब्रह्मदेवाने आखलेल्या नाहीत. रत्नागिरीत १९४५ साली कॉलेज निघाले, ते आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. तेव्हा मुंबई विद्यापीठाची कॉलेजे थेट सिंधमध्ये होती. १९४७ साली सिंधचे विद्यापीठ वेगळे झाले, त्याआधीची दोन वर्षे कराचीचा विद्यार्थी रत्नागिरीस आला असता, तर तो एकाच विद्यापीठाच्या या कॉलेजातून त्या कॉलेजात आला, एवढेच झाले असते. मग १९४९ साली पुण्याचे विद्यापीठ झाले, १९६२ साली कोल्हापूरचे. गोव्यातली कॉलेजेही मुक्तीनंतर सुरुवातीला मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती. गोवा विद्यापीठ झाले १९८५ साली. म्हणजे या मुलीच्या आईने लहानपणी कॉलेजची स्वप्ने पाहिली असतील, तेव्हा मडगाव आणि रत्नागिरी यांच्यामध्ये मायग्रेशनचा कागद नुकताच येऊन बसला होता.

त्या मानाने आजची व्यवस्था मी बरी म्हणेन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली क्रेडिटची बँक काढली आहे. विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट तिच्या नावाने जमा राहतात आणि ती जाईल तिथे बरोबर येतात. या मुलीची क्रेडिट संगणकावर बघता बघता आली. अडचण पडली ती विषयांची. तिचा मुख्य विषय मराठी होता, तो जुळला. पण दुय्यम विषय होता कोंकणी आणि तो आमच्याकडे शिकवीत नाहीत. तिच्या वहीतला एक कोंकणी निबंध मी वाचला. आईच्या माहेरच्या विहिरीवर होता. इतका सुरेख होता, की मला आमच्या अभ्यासक्रमाचीच लाज वाटली. त्या निबंधाची क्रेडिट बँकेत जमा होती, पण आमच्या दुकानात ते नाणे चालत नव्हते. शेवटी तिने इतिहास घेतला आणि मागच्या वर्षाचा तो अभ्यास भरून काढला. पोर कष्टाळू, तिने कुरकुर केली नाही. कुरकूर मीच केली. समितीच्या बैठकीत, आणि ती इतिवृत्तात आली नाही.

खरा प्रश्न पुढे होता, फीचा.

आपल्या राज्यात गरिबाच्या मुलाची फी सरकारने भरण्याची परंपरा जुनी आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेली ई.बी.सी.ची सवलत आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणी ना कुणी घेतलेली असेल. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असल्याचा दाखला आणला, की फी माफ. त्या एका कागदावर कोकणातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर उभा राहिला. आज तिच्या जागी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे, अर्ज संगणकावर भरायचा असतो. उत्पन्नाची अट या मुलीच्या घराला लागू पडण्याचा प्रश्नच नव्हता. उत्पन्न असे उरलेच नव्हते. पण आणखी एक अट आहे. विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असला पाहिजे. अधिवास म्हणजे आपण ज्याला 'डोमिसाइल' म्हणतो ते.

मी तिला म्हटले, "बाबांचं डोमिसाइल काढून घे, ते इथलेच ना?" किती सहज म्हटले! त्या सहजपणाचे प्रायश्चित्त म्हणून पुढे दोन वेळा मी स्वतः तिच्याबरोबर तालुक्याला गेले.

एका माणसाचे इथलेपण कागदावर मांडायला बसलो, तेव्हा जे हाती आले ते असे. रेशनकार्ड गोव्याचे. मतदार ओळखपत्र गोव्याचे. गॅसची जोडणी, विजेचे बिल, बँकेचे पासबुक, सगळे वास्कोचे. गावच्या घराची घरपट्टी वारलेल्या आजोबांच्या नावाने. जमिनीच्या सातबाऱ्यावर एकतीस नावे, त्यांत यांचे सव्विसावे, आणि त्यातही वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेले. आधारकार्ड होते, पण त्याचा उपयोग नव्हता. वाचकांपैकी पुष्कळांचा समज असतो की आधार असले की सगळे झाले. २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमातच म्हटले आहे, की हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे.

एकोणीस वर्षे हा माणूस दर भाद्रपदात गावी येत होता. शिमग्याला पालखी खांद्यावर घेत होता. पण गणपतीचे पाच दिवस कुठल्याच नोंदवहीत चढत नाहीत आणि पालखीखाली खांदा दिल्याची पावती देवही देत नाही. कचेरीतले कारकून भले गृहस्थ होते. सगळे कागद दोनदा उलटून पाहून ते म्हणाले, "बाई, हे इथले आहेत हे मला दिसतंय हो. पण कागदात दिसत नाही."

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे कागद कशासाठी मागतात, ते जरा मागे जाऊन पाहिले पाहिजे.

या प्रकरणाचा उगम मला सापडला तो इंदूरला. १९५२ साली दिल्लीत राहणाऱ्या जोशी नावाच्या एका तरुणाला इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. ते कॉलेज तेव्हाच्या मध्य भारत राज्यात होते. राज्याचा नियम असा, की खऱ्याखुऱ्या रहिवाशांकडून कॅपिटेशन फी घ्यायची नाही, बाहेरच्यांकडून मात्र हजार-दीड हजार रुपये घ्यायचे. त्या काळातले हजार-दीड हजार! हा भेदभाव आहे म्हणून जोशी सर्वोच्च न्यायालयात गेले. घटनेच्या पंधराव्या कलमाने जन्मस्थानावरून भेद करायला मनाई आहे, हा त्यांचा आधार. जानेवारी १९५५ मध्ये निकाल लागला आणि पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. जन्मस्थान वेगळे आणि वास्तव्य वेगळे, असे त्यांनी म्हटले. आपल्या पैशाने कॉलेज चालवणाऱ्या राज्याने आपल्या रहिवाशांना सवलत दिली, तर ती गैर नाही. न्यायमूर्ती जगन्नाथदास तेवढे वेगळे पडले. त्या नियमांत खरा रहिवासी कोण, याची व्याख्याही होती. मूळ अधिवास तिथला आणि मध्यंतरी दुसरीकडचा न झालेला, तो एक. बाहेरून येऊन तिथला झालेला आणि निदान पाच वर्षे राहिलेला, तो दुसरा. फाळणीनंतर ठराविक तारखेच्या आत आलेल्या निर्वासितांचीही सोय होती.

मला त्या व्याख्येत एक गोष्ट आवडली. 'मध्यंतरी दुसरीकडचा न झालेला' म्हणजे पोटासाठी बाहेर गेलेला माणूस लगेच परका होत नाही, एवढे तरी तिने ओळखले होते.

पुढे १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी 'राज्याचा अधिवास' या शब्दालाच हरकत घेतली. देशाला अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्यांचे वेगळे अधिवास आपल्या घटनेत नाहीत. तरीही वैद्यकाच्या पदवीपूर्व जागांत स्थानिकांना काही प्रमाणात झुकते माप देता येईल, असे त्यांनी मान्य केले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आज पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्याला आणि पंच्याऐंशी टक्के राज्याला जातात, त्याची मुळे या निकालात आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांत आहेत. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांतले वास्तव्यावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरवले. म्हणजे चाळीस वर्षे न्यायालये आपल्याला सांगत आहेत, की राज्याचा अधिवास असा काही नसतो. आणि आपण सत्तर वर्षे त्याचा दाखला काढण्यासाठी रांगेत उभे आहोत.

असे असले तरी हा नियमच नको, असे मी म्हणणार नाही. रत्नागिरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२३ साल उजाडावे लागले. शेजारच्या सिंधुदुर्गाला दोन वर्षे आधी मिळाले. त्याच्या जागा सगळ्या देशाला मोकळ्या केल्या, तर महागड्या शिकवण्या लावलेली दूरदूरची मुले त्या भरून टाकतील आणि पदवी घेऊन परत जातील. मंडणगडच्या नाहीतर राजापूरच्या आतल्या गावात पावसाळ्याच्या रात्री बाळंतिणीसाठी धावणारा डॉक्टर बहुधा इथलाच असायला हवा. राज्याने आपल्या माणसांसाठी जागा राखाव्यात, त्यांची फी भरावी. प्रश्न आहे तो आपले माणूस ओळखण्याच्या मापाचा. ते माप कागद मोजते. आणि कोकण हा तर पिढ्यान्‌पिढ्या घर एकीकडे आणि कागद दुसरीकडे अशा रीतीने जगत आलेला मुलूख!

आता या मापाच्या खाचाखोचा पाहा. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला महाराष्ट्रातल्या उमेदवारांचे 'ए' पासून 'ई' पर्यंत प्रकार केले आहेत. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात आणि शिवाय जन्म किंवा अधिवास इथला, तो 'ए'. ज्यांच्या घरी असा मुलगा असेल, त्यांनी उगाच धावाधाव करू नये. शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थान महाराष्ट्रातले असले, की बहुधा तेवढ्यावर भागते. पण आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. माहेर बेळगावचे किंवा म्हापशाचे असेल, तर बाळाचे जन्मस्थान तिकडचे. मग डोमिसाइल काढा. आईने डिंकाचे लाडू कुठे खाल्ले, यावर पोराच्या प्रवेशातला एक कागद कमी-जास्त होतो, ही गंमत सासरच्यांनी लक्षात ठेवावी.

शिक्षण बाहेर झाले, पण उमेदवाराचा किंवा आई-वडिलांचा अधिवास इथला, तो 'बी'. केंद्र सरकारचा नोकर बदलून महाराष्ट्रात आला असेल, तर त्याचे मूल 'सी'. राज्य सरकारच्या नोकराचे 'डी'. आणि 'ई' हा प्रकार मला फार बोलका वाटतो. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागात दहावी किंवा बारावी केलेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी. १९५६ साली राज्यांच्या रेषा नव्याने ओढल्या गेल्या, तेव्हा बेळगाव पलीकडे गेले आणि चंदगड तालुका अलीकडे आला. तिथली माणसे जागची हलली नव्हती. रेषा हलली होती. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्र आज आपला हक्क सांगतो, तिथल्या मुलांना आपण अर्जात जागा करून दिली. तिथे पुरावा काय? मातृभाषा! म्हणजे मनात आणले, तर कागदाशिवायचे इथलेपणही सरकारला मोजता येते.

वैद्यकाला मात्र अट कडक आहे. राज्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांत यायचे, तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी, वर अधिवास हवा. सरकारी नोकरांच्या बदल्यांमुळे बाहेर शिकलेल्या मुलांसाठी त्यात अपवाद ठेवलेले आहेत. साहेबांची बदली ती बदली. कारखान्यातला कामगार पोटासाठी कर्ली नाहीतर तेरेखोल ओलांडून गेला, तर त्याला मात्र बदली म्हणत नाहीत.

इथे तो धाकटा भाऊ येतो. त्याला डॉक्टर व्हायचे आहे. आपली मुले म्हणतात तसे नव्हे. वडिलांच्या झटक्याच्या रात्री रुग्णवाहिकेत तोच बरोबर होता, आणि तेव्हापासून तो गणितासारखा अभ्यास करतो आहे. त्याची दहावी गोव्याची. बारावीला त्याला रत्नागिरीत आणला, तरी महाराष्ट्राच्या जागांना तो पात्र होत नाही, कारण दहावी कुठून आणणार? आणि इकडे आणला, तर गोव्याच्या वास्तव्याची अट मोडते. तिथेही राज्याच्या जागांसाठी सलग वास्तव्याची वर्षे मोजतात. तेव्हा त्या घराने काय केले? बहिणीला इकडे घेतले आणि भावाला तिकडेच ठेवले. वास्कोला जुन्या शेजाऱ्यांच्या माडीवर एक खाट आहे, तिथे सोळा वर्षांचा मुलगा राहतो. सकाळी शेजारीणबाईंना पाणी भरून देतो, मग कॉलेजला जातो. आजारी बाप आणि आजी एका राज्यात, पोरगा दुसऱ्या. घरात कुणाचे भांडण नाही, तंटा नाही. नियमपुस्तिकेतल्या दोन ओळींनी घर वाटून दिले.

सातासमुद्रापलीकडेही हीच कथा आहे, म्हणून माझ्या मावसबहिणीचे थोडे सांगते. ती अमेरिकेत असते. तिच्या यजमानांची नोकरी न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला गेली, तेव्हा मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. तिकडे सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या मुलांना एक फी आणि बाहेरच्यांना दुसरी. कॅलिफोर्निया विद्यापीठात बाहेरच्याला वर्षाला तीस हजार डॉलरांहून अधिक जादा मोजावे लागतात. राज्यातले ठरायला वर्षाहून जास्त, म्हणजे ३६६ दिवस, तिथे राहावे लागते, आणि नुसते राहून चालत नाही. कायम राहण्याचा इरादा कृतीतून दिसावा लागतो. कर तिथे भरला का, गाडी चालवण्याचा परवाना बदलला का, असे पाहतात. नुसत्या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला तर हे दार बहुधा बंदच. बहिणीच्या मुलीने वेगळी वाट धरली. ती दोन वर्षे स्वस्तातल्या कम्युनिटी कॉलेजात गेली आणि मग तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात बदली घेतली. तोवर आई-वडिलांचे दिवसही भरले होते. ही बदलीची वाट त्या राज्याने १९६० सालच्या आपल्या उच्च शिक्षणाच्या आराखड्यात मुद्दाम आखून ठेवलेली आहे, आणि हजारो मुले ती धरतात. आपल्याकडे कॉलेज बदलणारा विद्यार्थी म्हणजे काहीतरी बिनसलेला, असा कार्यालयाचा चेहरा होतो.

त्याच देशातला आणखी एक दाखला मला महत्त्वाचा वाटतो. कनेक्टिकट राज्याचा नियम होता, की अर्जाच्या वेळी बाहेरचा म्हणून नोंदलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच. १९७३ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. बाहेरच्यांना जादा फी लावा, पण मी आता इथला झालो हे सिद्ध करण्याची संधी माणसाला मिळालीच पाहिजे, एवढाच त्याचा मथितार्थ. आमच्या मुलीला नेमके एवढेच हवे होते.

कधी कधी टेबलावर गर्दी नसली, म्हणजे मी एक खेळ खेळते. आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या माणसांचे अर्ज भरून पाहते. बाबासाहेब आंबेडकर: जन्म महूचा, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, शाळा सातारा आणि मुंबई, शिष्यवृत्ती बडोदे संस्थानची. आज कुठल्या रकान्यात बसवाल? अण्णासाहेब कर्वे तर मुरुडहून सुमारे ११० मैल चालत परीक्षेसाठी साताऱ्याला गेले. तिथे समितीने पोर वयाने लहान दिसते म्हणून परीक्षेलाच बसू दिले नाही. दाखला होता, पण चेहरा पटला नाही! आमच्या कारकुनांना चेहरा पटला होता, दाखला नव्हता. पुढे तेच कर्वे मुंबईस आधी विल्सन आणि मग एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८८४ साली बी.ए. झाले. कॉलेज बदलल्याने त्यांचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही.

तर त्या डोमिसाइलचे काय झाले? दुसऱ्या खेपेला मला एक सुचले. बाप शिकला कुठे? गावच्या जीवन शिक्षण मंदिरात, आणि मग पाच मैलांवरच्या हायस्कुलात. शाळेचे जनरल रजिस्टर ही फार मोलाची वस्तू आहे. तिच्यातली शाई पुसट होते, पण नोंद पुसत नाही. त्यात बापाचे नाव, जन्मस्थान, शाळेत आल्याची आणि सोडल्याची तारीख सापडली. सातबाऱ्यातले चुकलेले अक्षर तलाठ्यांनी दुरुस्त करून दिले. (सरकारने २०२४ साली त्यांना ग्राम महसूल अधिकारी केले आहे, पण गावात त्यांना अजून तलाठीच म्हणतात.) आजीच्या जुन्या रेशनकार्डावर मुलाचे नाव होते, ते लग्नाआधीचे. गोव्याला जाण्यापूर्वीच्या मतदार यादीत त्याचे नाव निघाले. आजीने तर एका पत्र्याच्या डब्यातून मुलाने पाठवलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या काढल्या. माणूस गावात नव्हता, याचाच तो पुरावा! कारकुनांनी त्या हळूच बाजूला ठेवल्या आणि म्हणाले, "आजी, या तुमच्याकडेच असू द्या."

दाखला मिळाला. पण तो हाती पडला फेब्रुवारीत. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत तोवर संपून गेली होती. त्या वर्षाची फी तिने तीन हप्त्यांत भरली; सुट्टीत एका आंब्याच्या बागायतदाराकडे पेट्या भरायला जात होती, त्यातून शेवटचा हप्ता दिला. यंदा तिचा अर्ज वेळेत गेला आहे.

म्हणून आता जूनमध्ये माझ्या टेबलापुढे पालक आले, की मी पहिल्यांदा त्यांच्या मुलांचे गुण पाहत नाही. घरपट्टी कुणाच्या नावाने आहे ते विचारते. सातबाऱ्यावरचे स्पेलिंग, म्हणजे आपल्या काना-मात्रा, तपासल्या का ते विचारते. बाहेरगावी नोकरीला असाल, तर आपल्या शाळेचा दाखला आणि मुलांच्या जन्माचे दाखले एका पिशवीत ठेवा, मुलांचे अधिवासाचे काम दहावीच्या सुट्टीतच उरकून घ्या, आणि दहावी कुठे करायची हे ठरवण्यापूर्वी बारावीनंतरचे नियम वाचा, असे सांगते. काही जण चमकून पाहतात. मराठीच्या बाई कवितेबद्दल बोलतील अशी त्यांची अपेक्षा असावी.

भाऊ गणपतीला गावी आला होता. मांडवी एक्स्प्रेसने आला, पाच दिवस राहिला, आणि गौरींबरोबर परत गेला, कारण हजेरी कमी पडून चालणार नव्हते. जाताना रत्नागिरीस बहिणीकडे उतरला, तेव्हा ती दोघे माझ्याकडे आली होती. मी त्याला सहज विचारले, "काय रे, कुठला तू आता?"

तो हसला. म्हणाला, "मॅडम, निकाल लागला की सांगतो."

परीक्षा मे महिन्यात आहे. अर्ज भरायला दोघे माझ्याकडेच यायची आहेत. नियमपुस्तिका मी आणून ठेवली आहे.